नवी जमीन संपल्यानंतर : केळीच्या जागतिक व्यापारातील सहकार्याची वाटचाल

समुद्रापार जाणाऱ्या केळीचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, तेव्हापासून तो बहुतांशी एका वेळी एकाच वाणावर विसंबून राहिला आहे, आणि या व्यापारावर आलेल्या बहुतेक मोठ्या रोगांच्या संकटांचे मूळ या विसंबण्यात सापडते. खाण्याच्या केळीत बी धरत नाही. तिची लागवड मूळ झाडाच्या कंदातून फुटणाऱ्या मुनव्यांपासून होते, त्यामुळे हजारो एकरांवर उभी असलेली बाग आनुवंशिकदृष्ट्या एकाच झाडाची पुनरावृत्ती असते आणि ज्या रोगाला त्यातले एक झाड बळी पडते त्याला सगळी बाग बळी पडू शकते. अशा पिकाचे रक्षण एका शेतकऱ्याला, एका कंपनीला किंवा एका देशालाही एकट्याने करता येत नाही, हे आज उघड वाटते. पण ते मान्य व्हायला जवळपास शंभर वर्षे लागली, कारण तोवर या व्यापाराजवळ दुसरे, अधिक सोपे उत्तर होते. जमीन रोगट झाली की ती टाकून द्यायची आणि जंगल तोडून पुढची जमीन धरायची, हे ते उत्तर.

ज्या रोगामुळे हे उत्तर रूढ झाले, तो रोग म्हणजे केळीचा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते, खालची पाने कडेने पिवळी पडून खोडालगत लोंबू लागतात आणि शेवटी झाड वाळून जाते; बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मात्र मातीत कित्येक दशके जिवंत राहू शकतात, म्हणून त्या जमिनीत तेच वाण पुन्हा लावून उपयोग होत नाही. जोसेफ बँक्रॉफ्ट या डॉक्टराने १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनजवळच्या बागांमधील या रोगाचे वर्णन केले होते. परंतु १८९० च्या सुमारास तो पनामा आणि कोस्टा रिका येथे दिसू लागला आणि तिथल्या निर्यातक्षम बागांचा त्याने एवढा विध्वंस केला की जगभर त्याला ‘पनामा रोग’ हेच नाव चिकटले. त्या काळी अमेरिका आणि युरोपच्या बाजारात जाणारे केळ मुख्यतः ‘ग्रो मिशेल’ या वाणाचे होते. त्याची साल जाड असे, घड मोठा असे आणि सबंध घड जहाजात रचून नेला तरी फळ फारसे दुखावत नसे. नेमके हेच वाण या बुरशीला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्यांपैकी होते.

१८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीजवळ मध्य अमेरिकेत लागवडीखालील क्षेत्रापेक्षा कितीतरी अधिक जमीन राखीव होती, आणि तिचे एक महत्त्वाचे कारण हा रोग होता. एक खोरे खराब झाले की कंपनी लोहमार्गाचे रूळसुद्धा उपटून पुढच्या खोऱ्यात नेई. मात्र नव्या बागेसाठी लागणारे कंद जुन्या बागेतूनच जात असल्याने रोगही त्याच गाड्यांतून पुढे जाई. होंडुरासमध्ये काही ठिकाणी रोगट शेतांभोवती बांध घालून ती महिनोन् महिने पाण्याखाली बुडवून ठेवण्याचा खर्चिक प्रयोगही झाला, कारण पाण्याखाली बुरशी मरेल अशी आशा होती. परंतु लागवड पुन्हा सुरू झाल्यावर काही वर्षांत रोग परत येई. या सरकत्या शेतीची किंमत माणसांनी मोजली. कोस्टा रिकाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील लिमोन प्रांतात जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांनी लोहमार्ग बांधला होता आणि बागा उभ्या केल्या होत्या. १९३० च्या दशकात कंपनीने तो किनारा सोडून प्रशांत महासागराच्या बाजूला नव्या बागा घातल्या, तेव्हा १९३४ च्या करार-कायद्याने त्या नव्या बागांत कृष्णवर्णीयांना कामावर घेण्यास मनाई केली. जमीन, काम आणि जाण्याची वाट अशा तिन्ही गोष्टी एकदम नाहीशा झालेल्या या समाजाची हकिगत केळीच्या इतिहासात नेहमी एखाद्या ओळीत आटोपली जाते, हे योग्य नाही. रोगावर उत्तर म्हणून पुढे निघून जाणे कंपनीला शक्य होते, कामगाराला नव्हते.

या काळात सहकार्य अगदीच नव्हते असे नाही, पण ते साम्राज्याच्या चौकटीतले होते. ब्रिटिशांनी त्रिनिदादमध्ये स्थापन केलेल्या उष्णकटिबंधीय कृषी महाविद्यालयात १९२२ पासून मर रोगाला दाद न देणारे वाण संकराने तयार करण्याचे काम सुरू झाले आणि दोन वर्षांनी जमैकातही तसेच केंद्र निघाले. आशियातील जंगलांतून आणि परसांतून गोळा केलेली रोपे थेट कॅरिबियन बेटांवर न नेता आधी लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतीउद्यानात काचघरात ठेवून तपासली जात, आणि ज्या देशात केळी पिकत नाही तिथेच केळीचे विलगीकरण करावे ही कल्पना पुढे फार उपयोगी ठरली. निर्यातक्षम वाण या कामातून निघाले नाही, कारण जवळजवळ वांझ असलेल्या ग्रो मिशेलच्या शेकडो घडांचे हाताने परागीकरण करावे तेव्हा कुठे मूठभर बिया मिळत. शास्त्रीय पाया मात्र त्याच कामातून पडला. नॉर्मन सिमंड्स आणि केनेथ शेफर्ड यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले की खाण्याच्या बहुतेक केळी दोन रानटी जातींपासून आणि त्यांच्या संकरांतून निपजल्या आहेत, आणि प्रत्येक वाणात त्या दोन जातींच्या गुणसूत्रसंचांचा वाटा किती हे अक्षरांनी दर्शवण्याची त्यांची पद्धत आजही जगभर वापरली जाते.

ग्रो मिशेलचा शेवट विज्ञानाने नव्हे, व्यापारी निर्णयाने झाला. सतत पुढे सरकण्याचा खर्च परवडेनासा झाल्यावर १९५० च्या दशकात स्टँडर्ड फ्रूट या प्रतिस्पर्धी कंपनीने कॅव्हेंडिश गटातील वाण लावायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात युनायटेड फ्रूटलाही तोच मार्ग धरावा लागला. चीनच्या दक्षिण भागातून मॉरिशसमार्गे इंग्लंडमध्ये गेलेले आणि १८३० च्या दशकात डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात वाढवलेले हे केळ त्या ड्यूकच्या कॅव्हेंडिश या कुलनामाने ओळखले जाते. त्या वेळी निर्यातीच्या बागांत असलेल्या बुरशीच्या प्रकाराला ते दाद देत नव्हते, परंतु त्याची साल नाजूक असल्याने सबंध घड पाठवण्याची जुनी रीत सोडून फण्या सोडवणे, धुणे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरणे असे नवे कामकाज उभारावे लागले. पानांवरील सिगाटोका रोगही, म्हणजे खानदेशातले शेतकरी ज्याला करपा म्हणतात तो, या वाणाला लागत होता. फिजीतील सिगाटोका खोऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचा अधिक जोरकस ‘काळा’ प्रकार १९६३ मध्ये फिजीतच आढळला आणि १९७२ मध्ये होंडुरासला पोहोचला. तेव्हापासून मोठ्या बागांवर विमानातून वर्षभर बुरशीनाशके फवारणे हा उत्पादनाचा अटळ भाग बनला. एक वाण जाऊन दुसरे आले, पण सगळा व्यापार एकाच वाणावर उभा करण्याची घडी तशीच राहिली आणि पुढच्या संकटाची बीजे याच बदलात पडली.

उत्पादक देशांनी स्वतःहून एकत्र येण्याचा पहिला मोठा प्रयत्न रोगासाठी नव्हता, भावासाठी होता. खनिज तेलाच्या किमती वाढल्या, खते आणि वाहतूक महागली, पण केळीला मिळणारा दर तिथेच राहिला. अशा स्थितीत १९७४ मध्ये पनामा, कोस्टा रिका, होंडुरास, ग्वातेमाला आणि कोलंबिया यांनी केळी निर्यातदार देशांचा संघ स्थापन केला आणि ४० पौंडांच्या प्रत्येक खोक्यावर एक डॉलरपर्यंत निर्यातकर लावण्याचे धोरण पुढे आणले. कंपन्यांनी तोडणी थांबवून आणि माल अडवून विरोध केला. होंडुरासने कर कमी केला, आणि युनायटेड फ्रूटची उत्तराधिकारी असलेल्या युनायटेड ब्रँड्स कंपनीने त्यासाठी साडेबारा लाख डॉलरची लाच दिल्याचे १९७५ मध्ये उघड झाल्यावर तिथले अध्यक्ष ओस्वाल्दो लोपेस आरेयानो यांना पायउतार व्हावे लागले. सर्वांत मोठा निर्यातदार असलेला इक्वेडोर या संघात आलाच नाही, आणि त्यामुळे संघाला पुरवठा आवरून भाव राखणे कधीच जमले नाही. तरीही परदेशी कंपन्यांवर कर बसवण्याचा हक्क या देशांनी मिळवला, हे या फसलेल्या प्रयत्नाचे टिकाऊ फळ मानावे लागते.

खऱ्या अर्थाने सर्वांच्या उपयोगाचे काम त्यानंतर दहा वर्षांनी, फारसा गाजावाजा न होता सुरू झाले. युनायटेड फ्रूटने १९५९ मध्ये होंडुरासमध्ये स्वतःचा संकरकार्यक्रम सुरू केला होता. १९८४ मध्ये तो कंपनीने तिथल्या कृषी संशोधन प्रतिष्ठानाला देऊन टाकला आणि एका कंपनीच्या मालकीचे संशोधन सार्वजनिक झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील माँपेलिए येथे केंद्र असलेले केळी सुधारणेचे आंतरराष्ट्रीय जाळे आकाराला आले आणि त्याचा वाणसंग्रह बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात ठेवण्यात आला. थंड बेल्जियममध्ये केळीच्या बागा नसल्यामुळे तिथून रोग पसरण्याची भीती नव्हती, आणि कोणत्याही उत्पादक देशाला आपला ठेवा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला असेही वाटण्याचे कारण नव्हते. या संग्रहात रोपांचे कोवळे अंकुर काचनळ्यांत कमी तापमानाला हळूहळू वाढत ठेवले जातात, शिवाय त्यांचे नमुने उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येही गोठवून जपले जातात. कोणत्याही देशाने मागणी केली की विषाणूंची तपासणी करून निर्धोक ठरलेली रोपे पाठवली जातात. आज तिथे दीड हजारांहून अधिक वाणांचे नमुने आहेत. १९९४ मध्ये हा संग्रह संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली मानवजातीच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचा ठेवा ठरला, आणि पुढे पिकांच्या जननद्रव्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो २००४ मध्ये अमलात आला, केळीचा समावेश झाल्याने देवाणघेवाणीला कायद्याचा आधार मिळाला.

या व्यवस्थेचा लाभ निर्यातदारांपेक्षा घरच्या खाण्यासाठी केळी पिकवणाऱ्यांना अधिक झाला, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. होंडुरासमध्ये तयार झालेले रोगसहनशील संकर लुव्हेनमार्गे जगभर चाचणीसाठी गेले. सोव्हिएत मदत बंद झाल्यावर बुरशीनाशके विकत घेण्याची ऐपत न राहिलेल्या क्यूबाने ते हजारो हेक्टरांवर लावले, आणि टांझानियाच्या कागेरा प्रदेशात, जिथे केळी हेच रोजचे अन्न आहे, बेल्जियमच्या मदतीने नव्या वाणांची लाखो रोपे गावोगाव पोहोचली. जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी निर्यात होणारा वाटा लहान आहे, पण संशोधनाच्या पैशाचा ओघ नेहमी त्या लहान वाट्याकडेच वळत आला होता. ही दिशा थोडी तरी बदलली, ती या संस्थांमुळे.

शास्त्रज्ञ असे एकत्र येत असताना सरकारे मात्र एकमेकांशी भांडत होती. १९९३ मध्ये युरोपची सामाईक बाजारपेठ अस्तित्वात आली, तेव्हा युरोपीय समुदायाने आफ्रिका आणि कॅरिबियनमधील आपल्या जुन्या वसाहतींच्या केळ्यांना सवलत देणारी आणि लॅटिन अमेरिकेच्या केळ्यांवर कोटा व जकात लादणारी पद्धत लागू केली. इक्वेडोर, ग्वातेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका यांनी १९९६ मध्ये नव्या जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, निकाल युरोपच्या विरुद्ध गेला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेने युरोपातून येणाऱ्या, केळीशी सुतराम संबंध नसलेल्या वस्तूंवर वर्षाला १९ कोटी १४ लाख डॉलरचे दंडात्मक कर लावले. अमेरिकेतून केळीची निर्यात नगण्य होती. तिच्या कंपन्यांचा व्यापार मोठा होता. डिसेंबर २००९ मध्ये जिनिव्हा येथे समझोता होऊन जकात टनामागे १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ युरोवर आणण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये वाद औपचारिकपणे मिटला. तोवर सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या बेटांवरील डोंगरउतारांवर दोन-चार एकर केळी लावणारी बहुतेक कुटुंबे या व्यवसायातून बाहेर फेकली गेली होती. दोन्ही बाजूंना न्यायाची भाषा येत होती, आणि बेटांवरच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातून काही आले नाही.

या भांडणातूनच एक वेगळे नाते जन्मले. लॅटिन अमेरिकेतील बागकामगारांच्या संघटनांनी १९९३ मध्ये आपली समन्वय समिती स्थापन केली होती. डीबीसीपी या सूत्रकृमीनाशकामुळे माणसांना वंध्यत्व येते हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील कारखान्यात उघड झाल्यानंतरही ते मध्य अमेरिकेतील बागांत वापरले जात राहिले, आणि ज्यांना मुले होऊ शकली नाहीत अशा हजारो कामगारांचे दावे पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत चालले. ही जखम या चळवळीच्या मुळाशी आहे. व्यापारयुद्धात लॅटिन अमेरिकेचे कामगार आणि कॅरिबियन बेटांवरचे शेतकरी हे एकमेकांचे शत्रू ठरवले गेले होते, पण १९९८ मध्ये ब्रसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय केळी परिषदेत हेच दोन पक्ष युरोपातील स्वयंसेवी संस्थांसह एका मंचावर आले आणि दोघांच्याही अवनतीचे कारण एकच, म्हणजे पडत चाललेला दर, हे त्यांनी ओळखले. २००१ मध्ये चिकिटा कंपनीने कामगार संघटनांशी संघटनास्वातंत्र्याविषयी करार केला. २००५ मध्ये दुसरी परिषद झाली, तिच्यात कायमस्वरूपी व्यासपीठाची मागणी पुढे आली, आणि डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे जिनिव्हाचा समझोता झाला त्याच महिन्यात, अन्न व कृषी संघटनेच्या रोममधील मुख्यालयात जागतिक केळी मंचाची स्थापना झाली. सरकारे, कंपन्या, कामगार संघटना, लहान उत्पादक, सुपरमार्केट साखळ्या आणि संशोधक एकाच मेजाभोवती बसतील अशी त्याची रचना आहे. शाश्वत उत्पादन, मूल्याचे वाटप आणि कामगारांचे हक्क असे त्याचे तीन कार्यगट आहेत. त्याचे निर्णय कुणावर बंधनकारक नाहीत, ही त्याची मोठी मर्यादा आहे, पण बंधन घालायचे असते तर यातील अर्धे पक्ष आलेच नसते.

एव्हाना मर रोग परतला होता. तैवानमध्ये १९६७ मध्ये कॅव्हेंडिशच्या बागा मरू लागल्याचे दिसले होते, पण खरा धोका कळला तो १९९० च्या दशकात, जेव्हा इंडोनेशिया आणि मलेशियातील नव्याने घातलेल्या मोठ्या बागा काही वर्षांत उद्ध्वस्त झाल्या. बुरशीच्या या प्रकाराला ‘टीआर-४’, म्हणजे उष्णकटिबंधीय प्रकार चार, म्हणतात. तो कॅव्हेंडिशला मारतो, ग्रो मिशेललाही मारतो आणि इतर अनेक स्थानिक वाणांनाही लागतो. या वेळी पुढे सरकायला नवी जमीन नव्हती आणि हाताशी तयार असे दुसरे वाणही नव्हते. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने ऊतीसंवर्धनातून निपजणाऱ्या लाखो रोपांतून आपोआप थोडी वेगळी निघालेली, रोग काहीशी सहन करणारी रोपे वर्षानुवर्षे निवडून काही वाण सिद्ध केले होते. तेच पुढे आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत फिलिपिन्सला मिळाले आणि मिंदानाओ बेटावरील रोगट जमिनीत त्यांच्यावर बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पूर्ण प्रतिकार त्यांच्यात नाही, पीक थोडे उशिरा येते, तरीही आशियात या रोगाबरोबर जगण्याचा जो काही मार्ग सापडला आहे त्यात या वाणांचा वाटा मोठा आहे.

मोझांबिक आणि जॉर्डनमधील प्रादुर्भाव २०१३ मध्ये जाहीर झाल्यावर रोग पश्चिम आशिया आणि आफ्रिकेपर्यंत पोहोचल्याचे स्पष्ट झाले, आणि त्याच वर्षी मध्य अमेरिकेच्या प्रादेशिक पीक व पशुआरोग्य संघटनेने रोग प्रत्यक्ष येण्याआधीच आपत्कालीन योजना तयार केली. हा बदल लहान नाही. आधीच्या शतकात रोग येऊन गेल्यावर हालचाल होत असे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २०१५ मध्ये रोग आढळलेली बाग पुढच्या वर्षी उत्पादकांच्या संघटनेने विकत घेऊन कायमची बंद केली, म्हणजे एकाच्या शेताची किंमत सर्वांनी मिळून भरली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोलंबियाच्या ला ग्वाहिरा प्रांतातून हॉलंडमध्ये गेलेल्या नमुन्यांनी रोग लॅटिन अमेरिकेत पोहोचल्याचे, म्हणजे ज्याची तीस वर्षे धास्ती होती तेच, अखेर सिद्ध केले. कोलंबियाने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, पण २०२१ मध्ये पेरू आणि २०२३ मध्ये व्हेनेझुएला येथेही रोग पोहोचला. केळी मंचाने या रोगासाठी स्वतंत्र जागतिक जाळे उभारले आहे. त्याचे काम दिसायला साधे आहे : निदानाच्या पद्धती एकसारख्या करणे, बागेच्या दाराशी बूट आणि गाड्यांची चाके निर्जंतुक करण्याचे प्रशिक्षण देणे, आणि रोग सापडल्याची बातमी दडवली जाणार नाही असा विश्वास देशादेशांत निर्माण करणे. यातले शेवटचे काम सर्वांत कठीण आहे, कारण बातमी देणाऱ्या देशाची बाजारपेठ धोक्यात येते.

भारत जगातील सर्वांत मोठा केळी उत्पादक असूनही निर्यातीच्या या इतिहासात फार उशिरा येतो, पण रोगाच्या इतिहासात तो आधीच आला आहे. बिहारच्या कटिहार भागात आणि उत्तर प्रदेशात टीआर-४ आढळला आहे, आणि तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आंतरराष्ट्रीय जाळ्याशी जोडलेले राहून त्यावर काम करीत आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल तालुक्यांत ऊतीसंवर्धित रोपांपासून लावलेली ‘ग्रँड नैन’, जिला शेतकरी ‘जी-नाईन’ म्हणतात, ती याच कॅव्हेंडिश गटातली आहे, आणि इक्वेडोरच्या बागेतल्या झाडाला जे मारते ते तापीकाठच्या झाडालाही मारू शकते. बिहारमधून मुनवे किंवा कंद आणले जाणार नाहीत, येणाऱ्या ट्रकांबरोबर रोगट माती येणार नाही, याची खबरदारी त्यामुळे केवळ प्रशासनाची बाब राहत नाही.

नवे वाण येण्याची आशा आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. केळीचा जनुकसंच २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्याने उलगडला गेला, आणि एका रानटी केळीतील प्रतिकारक जनुक घालून क्वीन्सलँडच्या संशोधकांनी तयार केलेल्या कॅव्हेंडिशला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये परवानगी दिली. परंतु पेरूमध्ये रोग पहिल्यांदा सापडला तो पिउरा प्रदेशात, जिथे सहकारी संस्थांत एकत्र आलेले अल्पभूधारक शेतकरी सेंद्रिय केळी पिकवून युरोपला पाठवतात. कुंपण, निर्जंतुकीकरणाचे हौद आणि कामगारांसाठी वेगळे बूट यांचा खर्च मोठ्या बागेला जड जातो, तर एका हेक्टरच्या मालकाला तो पेलणारच नाही. ब्रिटनच्या सुपरमार्केटांत २००२ पासून चाललेल्या दरयुद्धाने ज्या फळाला ग्राहक ओढण्याचे साधन बनवले, त्याच फळाच्या उत्पादकाकडून आता अधिक मजुरी, कमी विष आणि कडक रोगप्रतिबंध या तिन्ही अपेक्षा एकदम केल्या जातात. मार्च २०२४ मध्ये रोम येथे भरलेल्या केळी मंचाच्या चौथ्या परिषदेत या खर्चाच्या सामायिक जबाबदारीचा प्रश्न चर्चेला आला. खोक्यामागे उत्पादकाला मिळणारा दर त्यासाठी किती वाढवावा, याचे बंधनकारक उत्तर अद्याप कोणत्याही करारात लिहिले गेलेले नाही.